घर बायकोच्या नावावर करून ठेवू का?

‘देणंघेणं’ : वाचकांचे प्रश्न, निवृत्त नाझरबाईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे. वय ४८. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची पावतीपुस्तकं अशी कामं. २०१९ साली पतसंस्थेचं कर्ज काढून ऑफसेट मशीन घेतलं आणि पुढच्याच वर्षी करोना आला. पत्रिका मोबाइलवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. आज देणं असं : घरकर्ज ११ लाख ४० हजार (बँकेचं, घर तारण, दोन हप्ते थकलेत). पतसंस्था ६ लाख २५ हजार (मशीन तारण, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघालाय, जामीनदार माझा चुलतभाऊ, तो झेडपीत शिक्षक आहे). दोन क्रेडिट कार्डं मिळून ३ लाख १० हजार. मोबाइल ॲपवरची कर्जं १ लाख ४० हजार. कागदवाल्या व्यापाऱ्याचे २ लाख ८० हजार (त्याला दिलेला चेक परत गेला, वकिलाची नोटीस परवाच हातात पडली). आणि गावातल्या एकाकडून महिना ५ टक्क्यांनी घेतलेले दीड लाख. त्याच्याकडे माझे तीन कोरे चेक आणि सही केलेला स्टॅम्पपेपर आहे. २२ महिने व्याज भरलंय. घर विकलं तर २४ लाख येतील, मशीनचे ४. पीपीएफमध्ये २ लाख आहेत. छापखान्यातून महिना ३०-३५ हजार सुटतात, बायको शिवणकाम करते. नादारी, म्हणजे दिवाळखोरी, घेतली तर सगळं माफ होतं का? घर वाचेल का? मेव्हणा म्हणतो, आधी घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्र कर, मग नादारी घे. मला अटक होईल का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पाच देणेकऱ्यांचे (ज्यांचं देणं आहे त्यांचे) आकडे तुम्ही हजारापर्यंत दिलेत आणि सहाव्याचं नावसुद्धा लिहिलं नाहीत, ‘गावातला एक’. त्याच्याकडे शेवटी येते.

माझ्या लहानपणी शाळेत फी माफ असलेल्या मुलाला ‘नादारीवर आहे’ म्हणायचे. तेच कानात बसल्यामुळे असेल, कोर्टातली नादारी म्हणजेही माफी असंच पुष्कळांना वाटतं. मी ३१ वर्षं दिवाणी कोर्टात काढली, त्यातली शेवटची आठ नाझर, म्हणजे बेलिफांवरची अधिकारी म्हणून. जप्तीचं प्रत्येक वॉरंट माझ्या टेबलावरून बेलिफाच्या पिशवीत जायचं. नादारीचे अर्ज त्या मानानं फार थोडे यायचे, आणि येणाऱ्यांतले निम्मे लोक माफीच्याच समजुतीनं यायचे.

नादारी म्हणजे काय, तर तुम्ही जिल्हा न्यायालयात सांगायचं, ‘माझ्यानं देणं फिटत नाही, हे माझं सगळं देणं आणि ही माझी सगळी मालमत्ता.’ कोर्टानं तुम्हाला नादार ठरवलं की त्या क्षणी तुमची मालमत्ता तुमची राहत नाही. ती कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिसीव्हर ती विकतो आणि देणेकऱ्यांना वाटून देतो. त्या बदल्यात तुम्हाला मिळतं ते हे, की बिनतारणी देणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही, तुमच्या मालमत्तेवर सुटं सुटं तुटून पडता येत नाही. पुढे कोर्टानं ठरवून दिलेल्या मुदतीत ‘मला यातून मोकळं करा’ असा वेगळा अर्ज तुम्हीच करायचा असतो. तो मंजूर झाला तर उरलेलं देणं सुटतं. मुदतीत केलाच नाही तर नादारी रद्द होते आणि सगळे पुन्हा दारात. हा दुसरा अर्ज विसरलेली माणसं मी पाहिली आहेत.

कायदा १९२० चा आहे, प्रांतिक नादारी अधिनियम. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा आहे आणि तिथली प्रकरणं उच्च न्यायालयात चालतात. २०१६ ची नवी संहिता आली खरी, पण तिच्यातला साध्या माणसांसाठीचा भाग अजून लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना. म्हणून तुमच्या-आमच्यासाठी १९२० चाच कायदा, आणि त्याचं वय त्याच्या आकड्यांवरून कळतं. नादारीचा अर्ज करायला देणं ५०० रुपयांचं असलं तरी पुरतं. नादार माणसानं आपली स्थिती न सांगता कुणाकडून ५० रुपये उधार घेतले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मोकळं होताना कोर्ट विचारतं, बिनतारणी देण्याच्या रुपयाला आठ आणे तरी तुमच्या मालमत्तेतून निघतात का? निघत नसतील तर त्यात तुमचा दोष नव्हता हे पटवून द्यावं लागतं. करोनानं धंदा बसला हे सांगता येतं. हिशेबाच्या वह्याच ठेवल्या नाहीत, हे सांगता येत नाही. तुमच्या वह्या आहेत ना? छापखानेवाले लोकांसाठी बिलबुकं छापतात आणि स्वतःचा हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर लिहितात, म्हणून विचारते.

आता मालमत्तेतलं काय वाचतं ते. मी नवीन कारकून असताना एका शिंप्याच्या घरची जप्ती यादी माझ्याकडे टाइप करायला आली. बेलिफानं उत्साहानं पान भरलं होतं : शिलाई मशीन १, लोखंडी कॉट १, गाद्या २, पितळी हंडे २, स्टीलची भांडी नग २६, मंगळसूत्र दोन वाट्यांचं. तेव्हाचे नाझर चष्मा कपाळावर चढवून यादी वाचत गेले आणि लाल पेन्सिलीनं एकेक ओळ मारत गेले. शेवटी यादीत उरलं एक टेबलफॅन आणि भिंतीवरचं घड्याळ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० ते हेच. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानं बाई उतरवू शकत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, विम्याचे पैसे, पीपीएफ. हे देणेकऱ्याला जप्त करता येत नाही आणि नादारीत रिसीव्हरकडेही जात नाही. तेव्हा तुमच्या पत्नीचं शिलाई मशीन त्यांचंच आहे. तुमचे पीपीएफचे २ लाखही सुरक्षित आहेत. ते मोडून क्रेडिट कार्ड भरायचा विचार असेल तर तो आजच सोडा. कोर्टसुद्धा ज्याला हात लावू शकत नाही तो पैसा तुम्ही आपण होऊन कशाला द्यायचा?

त्याच कलमात घराचीही सूट आहे. पण ती शेतकऱ्याला, मजुराला आणि घरगड्याला, तेही स्वतः राहत असलेल्या घरापुरती. छापखानेवाल्याला नाही. शिवाय तुमचं घर बँकेकडे तारण आहे. तारण असलेला देणेकरी नादारीच्या बाहेरच उभा असतो. तुम्ही नादार झालात तरी बँक आपल्या तारणावर हात टाकू शकते, आणि बँकेचं फिटून जे उरेल ते रिसीव्हरकडे जातं. म्हणजे घर वाचवण्यासाठी नादारी घेतली तर पहिलं घरच जातं. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आणि पेन्सिलीनं केलेला हिशेब असा. देणं सगळं मिळून २६ लाख ४५ हजार. घर आणि मशीन मिळून २८ लाख, पीपीएफ वेगळा. न्यायाधीश पहिल्याच तारखेला म्हणतील, अहो, तुमची मालमत्ता देण्यापेक्षा जास्त आहे, तुम्ही नादार कसे? तुम्ही बुडालेले नाही, अडकलेले आहात. दोन्हीत रात्रीची झोप सारखीच उडते हे मला कबूल आहे, पण औषध वेगळं असतं.

मेव्हण्यांचा सल्ला. पत्नीच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र महाराष्ट्रात २०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं, वर थोडा अधिभार. स्वस्त आहे म्हणून मोह होतो. पण घरावर बँकेचा बोजा आहे, तो बक्षीसपत्रानं उतरत नाही, घराबरोबर पत्नीच्या नावावर जातो. दुसरं म्हणजे, नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांच्या आत मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता रिसीव्हर अर्ज करून परत ओढू शकतो. आणि नादारीत गेलाच नाहीत तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आहेच. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेला व्यवहार ते रद्द करून मागू शकतात.

आमच्याकडे एका कापडदुकानदारानं हेच केलं होतं. दुमजली घर मेव्हण्याच्या नावे बक्षीस आणि चौदा महिन्यांनी नादारीचा अर्ज. अर्जाच्या मालमत्तेच्या रकान्यात फक्त ‘सायकल’. दस्ताची नक्कल समोरच्या वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून आणली. न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारला, ‘मग तुम्ही सध्या राहता कुठे?’ तो गप्प. मागच्या बाकावर त्याची बायको जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘घरातच की.’ दस्त रद्द झाला, घर लिलावात गेलं. मालमत्ता लपवली म्हणून त्याच्यावर खटला चालवता आला असता, त्यात वर्षापर्यंत कैद होती. तेवढं त्याचं टळलं. त्यानं घर खरं खरं दाखवून देणेकऱ्यांशी तडजोड मांडली असती, तर ती पुष्कळांनी मान्य केली असती असं मला आजही वाटतं. तशी सोय कायद्यातच आहे. नादारीत तडजोडीचा प्रस्ताव ठेवता येतो आणि संख्येनं निम्म्याहून अधिक व रकमेनं तीन-चतुर्थांश देणेकरी हो म्हणाले तर कोर्ट तो मंजूर करू शकतं.

अटकेचं. नुसतं देणं थकलं म्हणून दिवाणी कोर्ट तुरुंगात घालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निकालात हे स्पष्ट केलंय. ऐपत असून मुद्दाम देत नाही, मनात खोट आहे, हे दिसलं तरच कैद. पण कागदवाल्याचा चेक ही वेगळी गोष्ट आहे. ते चेक न वटल्याचं कलम १३८, फौजदारी. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नादारीचा त्याला आडोसा मिळत नाही. नोटीस हातात पडल्या दिवसापासून १५ दिवस मोजा. कॅलेंडरवर खूण करा, त्यावर हिशेब लिहीत असलात तरी. त्या १५ दिवसांत व्यापाऱ्याकडे स्वतः जा, वकिलाला पाठवू नका. इतकी वर्षं त्याचा कागद घेताय. काही रोख, बाकीचे हप्ते, आणि सगळं लेखी, त्याच्या सहीनं. प्रकरण कोर्टात गेलं तरी पुढे आपसात मिटवता येतं, पण तोपर्यंत तारखा आणि वकील यांतच दोन रिम कागदाचे पैसे जातात.

त्याच्या खालोखाल घरकर्ज. दोन हप्ते थकलेत. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक होतं आणि बँकेला तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस काढता येते. तिसरा हप्ता थकायच्या आत शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. अर्जावर पोच घ्या. तोंडी बोलून येऊ नका, मॅनेजर बदलतात.

पतसंस्थेचं मला तुमच्या भावामुळे जास्त लागतं. १०१ चा दाखला म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (निकालाच्या आदेशासारखाच), त्यावर वसुली अधिकारी तुमच्याकडेही येईल आणि भावाच्या पगाराकडेही. तुम्ही नादार होऊन मोकळे झालात तरी जामीनदार मोकळा होत नाही, हे कायद्यात लिहूनच ठेवलंय. म्हणजे मेव्हण्याच्या सल्ल्यानं चाललात तर तुमचा भाऊ तुमच्या मशीनचे हप्ते भरत बसेल. दाखल्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्याआधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. तुमच्याकडे ती नाही. म्हणून एकरकमी परतफेडीची विचारणा करा, आणि संस्थेच्या संमतीनं मशीन विकायचं मनावर घ्या. ४ लाख तिथे गेले तर सव्वादोन उरतात. मशीनशिवाय छापखाना कसा, असं तुम्ही म्हणाल. डिझाइन करून द्यायचं आणि छपाई मोठ्या गावातून करून आणायची, असं आज पुष्कळजण करतात. सध्याच्या कामांत तुमच्या मशीनचे दिवसातले किती तास भरतात ते प्रामाणिकपणे लिहून काढा.

कार्डं आणि ॲपवाले सगळ्यांत जास्त फोन करतात, पण त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटचा. तारण काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, नातेवाइकांना गाठून बदनामी करता येत नाही. तसं घडलं तर तारीख-वेळ लिहून आधी बँकेकडे तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पुढे हातात रक्कम आली की तडजोड करा. तुमच्या सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदींच्या) अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा येईल आणि काही वर्षं नवं कर्ज मिळणार नाही. तुम्हाला नवं कर्ज हवंय कशाला?

हे सगळं करूनही सहा महिन्यांत घराचा हप्ता नियमित निघत नसेल तर घर स्वतः विका, बँकेला विचारून. २४ लाखांतून ११ लाख ४० हजार गेले तर १२ लाख ६० हजार हातात राहतात, आणि त्यात सावकार सोडून बाकी सगळं जवळजवळ फिटतं. लिलावात २४ येत नाहीत. मी जितके लिलाव पाहिले त्यांत बोली लावणारे आधी चहाच्या टपरीवर एकत्र बसलेले असायचे.

आता तो सहावा. दीड लाखाला महिना साडेसात हजार, २२ महिने, म्हणजे १ लाख ६५ हजार तुम्ही दिलेत. मुद्दलापेक्षा जास्त. आपल्याकडे दामदुपटीचा नियम पूर्वापार आहे, आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणं हा तर गुन्हाच, आणि तसल्या माणसाला कोर्टातून हुकूमनामा मिळत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. ते घराची झडती घेऊन कोरे चेक आणि स्टॅम्प जप्त करू शकतात. तुम्ही कसं आणि किती दिलंत याचा पुरावा लागेल. यूपीआयनं दिलं असेल तर बँकेचा उतारा काढा, रोख दिलं असेल तर तारखा आठवून आजच लिहा. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले आणि चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तुम्ही जाळू नका, झेरॉक्स काढा. आणि पुढच्या पत्रात त्याचं नाव लिहा. ते छापणार नाही, पण कागदावर लिहायची सवय व्हायला हवी. तक्रारीत लिहावंच लागेल.

प्रश्न : माझे पती मार्चमध्ये अचानक गेले. खासगी कंपनीत होते. आम्ही पुण्यात भाड्यानं राहतो, मुलगी नववीत आहे. त्यांच्या नावावर वैयक्तिक कर्ज ३ लाख ४० हजार आणि क्रेडिट कार्डाचे १ लाख ८५ हजार आहेत, हे मला ते गेल्यावर कळलं. वसुलीवाले म्हणतात, तुम्ही एका फॉर्मवर सही करा, छोटे हप्ते बांधून देतो. पीएफचे ६ लाख १० हजार माझ्या खात्यात आलेत, विम्याचे ५ लाख येणार आहेत. यातूनच सगळं भरून टाकू की दिवाळखोरी जाहीर करू?

उत्तर : काहीच करू नका, आणि सही तर मुळीच करू नका. आज हे देणं तुमचं नाही, तुमच्या पतीचं आहे. त्या फॉर्मवर सही केलीत की तुमचं होईल, म्हणूनच तो फॉर्म इतक्या मायेनं पुढे केला जातोय. जे तुमचं देणंच नाही त्यासाठी दिवाळखोरी कसली?

कायदा असा आहे की माणूस गेल्यावर त्याचं देणं त्यानं मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटतं आणि वारसाची जबाबदारी जेवढं हाती आलं तेवढ्यापुरतीच असते. म्हणजे त्यांच्या बचत खात्यात काही असेल, स्कूटर असेल, तेवढं. तुमचा पगार, तुमचे दागिने यांचा संबंध नाही. पीएफ तर कायद्यानंच राखून ठेवलाय. सभासद गेल्यावर नॉमिनीला मिळणारी रक्कम त्याच्या कर्जापासून आणि नॉमिनीच्या आधीच्या कर्जापासूनही मुक्त असते, भविष्यनिर्वाह निधी कायद्याचं कलम १०. ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. विम्याचे पैसे जप्त होत नाहीत. फक्त हे पैसे त्यांच्या जुन्या खात्यात घेऊ नका, जिथून बँक परस्पर वळते करून घेईल. तुमच्या एकटीच्या नावाचं, शक्यतो दुसऱ्या बँकेतलं खातं द्या.

दोन गोष्टी मात्र कागद काढून बघा. एक, कर्जाच्या करारावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही आहे का. घाईत ‘इथे इथे सही कर’ म्हणून केलेली असते. असेल तर मला पुन्हा लिहा, उत्तर बदलेल. दोन, मंजुरीपत्रात विम्याच्या हप्त्याची कपात दिसते का. वैयक्तिक कर्ज देताना बँका बऱ्याचदा त्या कर्जापुरता विमा गळ्यात मारतात, आणि मग माणूस गेल्यावर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तसा विमा असेल तर दावा करा, कर्ज त्यातूनच फिटेल.

बँकेला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून एक पत्र द्या : कर्जदाराचं निधन झालं आहे, मी सहकर्जदार नाही, यापुढे लेखीच कळवावं. फोन मुलीच्या हातात पडणार नाही असा ठेवा. आणि वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

प्रश्न : वय २७, डोंबिवली. पगार ३८ हजार. ॲप आणि कार्डं मिळून ४ लाख ६० हजारांचं कर्ज. एका व्हिडिओत सांगितलं की सरकारच्या ‘फ्रेश स्टार्ट’ योजनेत अर्ज केला की कर्ज रद्द होतं. १५ हजार फी मागतायत. भरू का? माझा पूर्ण पगार जप्त होईल का?

उत्तर : फी भरू नका. ‘फ्रेश स्टार्ट’ हे २०१६ च्या संहितेतलं प्रकरण आहे आणि ते लागूच झालेलं नाही. उद्या झालं तरी ते वर्षाला ६० हजारांच्या आत उत्पन्न, २० हजारांच्या आत मालमत्ता आणि ३५ हजारांच्या आत कर्ज असलेल्यांसाठी आहे. तुमचं दोन महिन्यांचं उत्पन्नच त्यापेक्षा जास्त आहे.

पगार सगळा जप्त होत नाही. तोही दावा, हुकूमनामा आणि मग दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), एवढं सगळं झाल्यावर. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश तुमचा. तुम्ही सांगितलेला आकडा धरला तर २५,६६७ रुपये तुमच्या हातात राहतात, १२,३३३ जातात. आणि एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. मग गंमत अशी की तेच १२ हजार आज आपण होऊन बाजूला काढलेत, सगळ्यांत जास्त व्याजाचं कार्ड आधी संपवलंत आणि बाकीच्यांना लेखी कळवून थांबवलंत, तर काही वर्षांत कोर्टाची पायरी न चढता बाहेर पडाल. जुनं फेडायला नवं ॲप उघडणं मात्र आजपासून बंद. ते १५ हजार पहिला हप्ता म्हणून त्या जास्त व्याजाच्या कार्डातच जाऊ देत.

जाता जाता : साताऱ्याच्या वाचकांनी १०१ चा मूळ दाखलाच पाकिटात घालून पाठवला आहे. तो स्पीड पोस्टानं परत केलाय. मला झेरॉक्स पुरते.